आधी रिंग, मग पिल्लं

चांगल्या जातीचा कुत्रा पाळायची हौस आहे आणि जमलं तर पुढे त्यातच काहीतरी करायचं आहे, अशा माणसाला आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो. ‘पेपरवाली मादी घ्या. दोनदा पिल्लं काढलीत की पैसे वसूल. तिथून पुढे सगळा नफाच.’ हा सल्ला पुण्यात मिळतो, कोल्हापुरात मिळतो, नांदेडात मिळतो. पेट शॉपवाला तो देतो, ट्रेनर देतो, ज्याच्याकडे स्टड, म्हणजे क्रॉससाठीचा नर, आहे तो तर देतोच. कधी कधी लस टोचता टोचता डॉक्टरही देतात. सगळ्यांचाच हेतू वाईट असतो असं नाही. पण सल्ला मुळापासून चुकीचा आहे, आणि जातिवंत कुत्र्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात आज जे बिघडलेलं दिसतं त्यातलं बरंचसं त्याच्यातूनच आलेलं आहे. म्हणून त्याला एकदा नीट उत्तर द्यायला हवं.

पैशापासूनच सुरुवात करतो, कारण सल्ला पैशाच्या भाषेत दिला जातो. आठ पिल्लं, प्रत्येकी पंधरा हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. हा हिशेब तोंडी करायला सोपा आहे, म्हणून तो सगळ्यांना पटतो. त्यात काय काय धरलेलं नाही ते पाहा. स्टडची फी किंवा तिच्या बदल्यात द्यावं लागणारं निवडक पिल्लू धरलेलं नाही. ब्रुसेला कॅनिस या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी धरलेली नाही. तो एकदा केनेलमध्ये शिरला तर गाभ जातात, नर वांझ होतात आणि माणसालाही लागण होऊ शकते. मादीची नेमकी वेळ कळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या तपासण्या लागतात, त्याही धरलेल्या नाहीत. त्याऐवजी ‘हीटच्या अकराव्या आणि तेराव्या दिवशी क्रॉस लावा’ असं सांगितलं जातं. बीज कुठल्या दिवशी सुटेल हे प्रत्येक मादीचं वेगळं असतं. कुणाचं नवव्या दिवशी, कुणाचं अठराव्या. मग मादी रिकामी राहते, आणि दोष तिला दिला जातो.

आता पिल्लं व्हायची रात्र डोळ्यांसमोर आणा. साधारण ६३ दिवस भरत आलेले. आदल्या दिवशी ताप मोजणाऱ्याला मादीचं तापमान ३७ अंशांपर्यंत उतरलेलं दिसतं; न मोजणाऱ्याला काहीच दिसत नाही. मध्यरात्र उलटल्यावर ती चादर उकरायला लागते, धापा टाकते, उलटी करते. पहिली दोन पिल्लं नीट येतात. तिसऱ्यासाठी ती अर्धा तास जोर लावते आहे आणि काहीच पुढे सरकत नाही. पिल्लू आडवं आहे की गर्भाशय थकलं आहे, हे नवख्याला ओळखता येत नाही. पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट स्राव दिसला तर वार सुटलेली असते आणि हातात फार थोडा वेळ उरतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तालुक्याच्या गावात त्या वेळी सिझेरियन करणारं कुणी भेटत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी पोचेपर्यंत पोटातली पिल्लं गेलेली असतात आणि पुष्कळदा मादीही जाते. पंधरा हजारांच्या गुणाकारात ही रात्र कुठेच नसते.

त्यातून ती वाचली तर पुढचे पंधरा दिवस माणसाला झोप नाही. पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. खोली गार पडली की ती दूध पिणं सोडतात. पहिल्या चोवीस तासांत चीक पोटात गेला नाही तर आईकडून येणारी प्रतिकारशक्ती जवळपास हुकतेच. रोज वजन करून लिहून ठेवावं लागतं, कारण नुसत्या नजरेला सगळी सारखीच दिसतात आणि मागे पडलेलं पिल्लू लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे कॅल्शियमबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडे या एका बाटलीने फार नुकसान केलं आहे. मादी गाभण राहिली की तिला कॅल्शियमचं टॉनिक सुरू करायचं, ही जवळजवळ रूढी झाली आहे. प्रत्यक्षात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घेणारी शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते. पिल्लं व्याल्यावर दुधाचा ताण पडतो तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही आणि मादीला झटके येतात. हा एक्लाम्प्सिया. तो काही तासांत जीव घेऊ शकतो. तीच बाटली पुढे ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डच्या पिल्लाला ‘हाडं भरावीत’ म्हणून पाजली जाते. मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगल्या खाद्यावर वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते, पाय वाकतात. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय ते द्यायचं नसतं. ही माहिती गुप्त नाही. पण ‘मादी घ्या’ म्हणणारा ती कधी सांगत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. ‘नफा राहू द्या, पण एकदा पिल्लं झाली की मादीची तब्येत चांगली राहते, पिशवीचा आजार होत नाही.’ असा कुठलाही वैद्यकीय नियम नाही. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं. पिल्लं झालेल्या मादीलाही तो होतो. त्यापासून खात्रीचं संरक्षण गर्भाशय काढल्याने मिळतं, वीण काढल्याने नाही.

कायद्याचा तर या सल्ल्यात उल्लेखच नसतो. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांसाठी नियम काढले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय विक्रीसाठी पिल्लं काढता येत नाहीत. मादी किमान १८ महिन्यांची आणि निरोगी असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. वर्षातून एकाहून जास्त वीण चालत नाही, आयुष्यात पाचांहून जास्त चालत नाहीत आणि आठ वर्षांनंतर तर एकही नाही. सख्ख्या भावंडांत किंवा आई-बाप आणि त्यांच्या पिल्लांत जोडी लावता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

या शेवटच्या नियमावर मी थोडा थांबतो. आपल्या बाजारात पिल्लू तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी विकलं जातं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की लहान असतानाच नेलं की लळा चांगला लागतो. खरं कारण वेगळं आहे. महिनाभर खर्च आई सोसते. त्यानंतर पिल्लं खायला लागतात. जंताचं औषध, पहिली लस, आठ तोंडांचं खाणं, दिवसातून दहादा साफसफाई, हे सगळं माणसाच्या अंगावर येतं. नेमके हेच आठवडे विकणाऱ्याला टाळायचे असतात. आणि नेमक्या याच आठवड्यांत पिल्लू भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं, आईकडून दटावून घ्यायला शिकतं. ते न शिकलेला रॉटवायलर दोन वर्षांनी घरातल्या पोराला चावतो, तेव्हा बातमी जातीच्या नावाने छापून येते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्या आयातीवर, प्रजननावर आणि विक्रीवर बंदीचं परिपत्रक काढलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण असं परिपत्रक निघण्याइतका राग लोकांत का साचला, याचं उत्तर आपल्यालाही द्यावं लागेल.

आता ‘पेपरवाली’ या शब्दाकडे येऊ. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे जन्मदाखला आहे. आई कोण, बाप कोण, आजी-आजोबा कोण, हे ब्रीडरने कळवल्याप्रमाणे त्यावर लिहिलेलं असतं. तो हवाच; त्याच्याशिवाय वंश कळत नाही. पण कुत्रा चांगला आहे की वाईट, याबद्दल तो कागद एक शब्द बोलत नाही. ‘चॅम्पियन लाइन’ असं सांगून जे पिल्लू गळ्यात मारलं जातं त्याच्या खापरपणजोबांत कुठेतरी एक चॅम्पियन असतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘डबल बोन’ नावाचा प्रकार जगातल्या कुठल्याही जातीच्या मानकात नाही. ‘डबल कोट’ म्हणून जर्मन शेफर्डसाठी जादा पैसे घेतात. आतली मऊ लव आणि वरचे राठ केस असा दुहेरी कोट त्या जातीत मुळातच असतो. ग्रेट डेनमध्ये ‘दुर्मिळ रंग’ म्हणून मर्लला मर्ल, म्हणजे डागाळलेल्या छटेच्या नराला तशीच मादी, लावतात. अशा जोडीत सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तेच जनुक घेऊन येतं. ते बहुतांशी पांढरं होतं, बऱ्याचदा बहिरं, कधी आंधळंही. अशी पिल्लं जाहिरातीत येत नाहीत. ती कुठे जातात हे विचारायची हिंमत नव्या माणसाने करायला हवी.

डोबरमनचं उदाहरण याहून बोलकं आहे. या जातीत हृदयाचा स्नायू फुगून निकामी होण्याचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. लक्षणं बहुधा मध्यम वयात दिसतात. तोवर त्या नराने कित्येक माद्यांना पिल्लं दिलेली असतात. म्हणजे डोबरमन निवडताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘किती कप मिळाले’ हा नाही. ‘याचा बाप आणि आजा कशाने गेले, कितव्या वर्षी गेले’ हा आहे. कागदावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं. ते माणसांना माहीत असतं, आणि ती माणसं डॉग शोच्या रिंगच्या कडेला भेटतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्याला या क्षेत्रात यायचं आहे त्याने पिल्लं काढण्यापासून सुरुवात करू नये, शोपासून करावी. एक चांगला कुत्रा घ्यावा, नर असो वा मादी, आणि निदान दोन वर्षं तो फक्त दाखवावा. या क्रमाची उलटापालट हीच सगळ्या बिघाडाची जागा आहे. जर्मन शेफर्ड ज्या देशाचा, तिथे जातीची मूळ संस्था १८९९ साली स्थापन झाली. तिच्या पद्धतीत कुत्र्याच्या खुब्यांचा एक्स-रे, काम करून दाखवण्याची परीक्षा आणि शोमधली श्रेणी या गोष्टी आधी येतात, प्रजननाची मोकळीक नंतर. आपण तीच जात घेतली, नियम मात्र सीमेवरच ठेवून आलो.

शोमध्ये कप मिळतो म्हणून मी हे म्हणत नाही. रिंगमध्ये नजर तयार होते म्हणून म्हणतो. जज कुत्र्यापाशी येतो तेव्हा काय करतो ते एकदा जवळून पाहा. आधी लांबून उभं रूप पाहतो. मग ओठ वर करून दातांची पकड बघतो, दाढा मोजतो. दोन्ही हात मानेवरून खांद्यावर नेतो. खांद्याचं पातं किती मागे कललेलं आहे हे त्याला बोटांनी कळतं. पातं उभं असेल तर पुढचा पाय लांब पडणार नाही, हे कुत्रा चालण्याआधीच त्याला ठाऊक असतं. छातीची खोली, पाठीची रेघ, मांडीचे स्नायू, नराचे दोन्ही वृषण. मग तो कुत्र्याला सरळ जायला आणि परत यायला सांगतो. जाताना मागच्या पायांचे घोटे आत वळतात का, येताना कोपर बाहेर फेकले जातात का, हे त्या काही पावलांत दिसतं. त्यानंतर गोल दुडकी. हे शंभर कुत्र्यांवर पाहिलं की आपल्या घरच्या लाडक्यात काय कमी आहे हे माणसाला आपोआप दिसायला लागतं. घरी एकट्या कुत्र्याकडे बघत राहिल्याने ते कधीच दिसत नाही. आणि पुष्कळदा उत्तर असं येतं की हा कुत्रा गोड आहे, घरचा आहे, पण याची पिल्लं काढण्यासारखी नाहीत. हे ज्याला स्वतःहून म्हणता येतं तोच पुढे ब्रीडर होण्याच्या लायकीचा.

‘रिंग फिक्स असते, जज तोंडं बघून बक्षीस देतात.’ हा आक्षेप मी टाळणार नाही. काही जज ओळखीच्या हँडलरकडे, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा दाखवणाऱ्याकडे, झुकतात हे खरं आहे, आणि नामवंत हँडलरच्या हातात मध्यम कुत्राही उठून दिसतो. पण नव्या माणसाने यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. तो दोन शो हरतो, रिंग सोडतो आणि घरी जाऊन पिल्लं काढतो. एका जजचं मत म्हणजे एका माणसाचं मत. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या देशांतल्या सहा-सात जजनी कुत्रा मागे ठेवला, तर ते सगळेच मॅनेज झालेले होते असं मानण्यापेक्षा कुत्र्याकडे पुन्हा पाहावं. जर्मन शेफर्डच्या खास शोमध्ये अनेकदा जज प्रत्येक कुत्र्याचे गुणदोष माइकवरून सांगतो. ते कुंपणाला टेकून ऐकणं हे फुकटात मिळणारं शिक्षण आहे. पराभवाच्या रागात ते सोडून घरी जाणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

शो हा श्रीमंतांचा खेळ आहे, असंही म्हणतात. परदेशी कुत्रा आणून, पगारी हँडलर ठेवून देशभर फिरणाऱ्यांसाठी तो तसा आहेच. पण आपल्या शहरात किंवा शेजारच्या जिल्ह्यात शो असेल तेव्हा प्रवेश फी भरून, स्वतःच्या हाताने कुत्रा दाखवायला एका सिझेरियनच्या तुलनेत फारच कमी पैसे लागतात. कुत्र्याला सरळ उभं राहायला, दात दाखवायला आणि सैल दोरीवर दुडक्या चालीने पळायला शिकवायला रोजची पंधरा मिनिटं आणि सोसायटीचं पार्किंग पुरतं.

या प्रतिवादाचा एक रोख ज्येष्ठांकडेही आहे. नवा मुलगा प्रश्न विचारायला येतो तेव्हा रिंगच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले अनुभवी लोक त्याच्याकडे पाठ करतात. चांगलं पिल्लू आपल्या गटातच ठेवतात आणि उरलेलं त्याला ‘शो क्वालिटी’ म्हणून विकतात. आपल्या नराच्या वंशात कुठला आजार आहे हे माहीत असून सांगत नाहीत. मग तो मुलगा ज्याच्याकडे उत्तर मिळेल त्याच्याकडे जातो, आणि उत्तर द्यायला दलाल तयारच असतो. ‘नव्या लोकांनी क्षेत्राची वाट लावली’ असं म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी एकाही नव्याला हाताशी धरून शिकवलं नाही, त्यांना नाही.

आणखी एक मत आहे, त्याच्याबद्दल मला आदर आहे. रस्त्यावर इतकी कुत्री असताना जातिवंत पिल्लं मुळात काढायचीच कशाला, सगळंच बंद करा, असं प्राणिमित्र म्हणतात. त्यांच्या आरोपातला आरोग्याचा भाग पूर्ण खरा आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने शोमध्ये जिंकणाऱ्या कुत्र्यांची दुखणी चव्हाट्यावर आणली; पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स या तिथल्या डॉग शोचं प्रक्षेपण केलं नाही. तिथल्या केनेल क्लबने सख्ख्या नात्यातल्या जोडीची पिल्लं नोंदवणं बंद केलं. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये बुलडॉग आणि पेकिनीज यांच्यासह सहा जातींचे विजेते पशुवैद्यकाच्या तपासणीत बाद झाले आणि त्यांना पुढच्या फेरीत जाता आलं नाही. आपल्याकडे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेले पग मे महिन्यात श्वासासाठी कसे तडफडतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे रिंगही चुकू शकते, आणि चुकली तेव्हा तिला जाहीरपणे सुधारावं लागलं. बाजाराला असं कुणी सुधारू शकत नाही, कारण तिथे कुणी तपासतच नाही. शो आणि नोंदणी बंद केली तर पिल्लं निघायची थांबणार नाहीत. फक्त जे डोळ्यांसमोर होतं ते बंद दाराआड जाईल. घरात सोबती हवा असेल तर रस्त्यावरचं पिल्लू आणा, हे मीही प्रत्येकाला सांगतो. पण एखादी जात टिकवायची म्हटलं की जाणीवपूर्वक प्रजननाला पर्याय नाही.

आणि टिकवण्यासारखी जात आपल्या दारात आहे. मराठवाडा, सोलापूर, जत आणि सीमेपलीकडचा बागलकोट या पट्ट्यातला कारवान कुत्रा, ज्याला मुधोळ हाउंड म्हणून जास्त ओळखतात. बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर तो या मुलखात फिरला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला ही कुत्री भेट दिली. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. लांब निमुळतं डोकं, आत गेलेलं पोट, उन्हातान्हात मैलोन्मैल पळणारं अंग. या हवेसाठीच घडलेला कुत्रा. पण त्याच्याही वाट्याला तोच सल्ला आला आहे. उंची आणि वेग वाढावा म्हणून ग्रेहाउंड मिसळायचा, आलेलं पिल्लू मुधोळ म्हणून विकायचं. काही जण अजून त्याला सशामागे सोडतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शुद्ध वंश राखणारे शेतकरी आणि धनगर अजून आहेत, पण त्यांच्या कुत्र्यांची नोंद नाही आणि ती रिंगमध्ये येत नाहीत. सेंट बर्नार्डला एसीत ठेवून जगवण्यात जो पैसा आणि उमेद खर्च होते, तिचा काही भाग इकडे वळला तर एका पिढीत फरक दिसेल.

नव्याने येऊ पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या हिवाळ्यात तुमच्या जवळच्या शोला कुत्रा न घेता जा. कॅटलॉग विकत घ्या, तुम्हाला आवडणाऱ्या जातीच्या रिंगपाशी सकाळपासून उभे राहा, निकाल आपल्या हाताने कॅटलॉगात लिहा. ज्याची कुत्री आवडतील त्याच्याशी रिंग संपल्यावर बोला आणि त्याला आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे, हृदयाच्या तपासण्या आणि आजी-आजोबांचं मरणाचं वय विचारा. जो चिडेल त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. जो कागद काढून दाखवेल त्याच्या यादीत नाव लिहून वाट पाहा, वर्ष लागलं तरी. आणि पहिला कुत्रा घरी आल्यावर शेजारी-पाजारी ‘पिल्लं कधी काढणार’ असं विचारायला लागतील, तेव्हा त्यांना दोन वर्षांनी या म्हणून सांगा.